संताचं नाव, वसईचं आडनाव, इंदूरचा पत्ता: कोणत्या सेवेत नाव अखंड बसतं?

जीमेल, इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, एक्स, टेलिग्राम आणि .भारत डोमेन (वेबसाइटचा देवनागरी पत्ता) यांचं हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे. इंदुरात राहणाऱ्या मराठी कॅथलिक माणसाला बाप्तिस्म्याचं नाव, घराण्याचं आडनाव आणि जमल्यास मूळ गावाची खूण घेऊन ऑनलाइन नाव हवं असेल, तर ते कुठे अखंड राहतं आणि कुठे त्याचे तुकडे पडतात? रील, जाहिराती, फॉलोअर वाढवणं यांचा इथे विचार केलेला नाही.

नमुन्याची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात यूट्यूब आणि .भारत सोडून बाकी सगळीकडे ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात. अक्षरांची संख्या जिथे दिली आहे तिथे ती रोमन अक्षरांची समजावी.

आधी दाखला, मग ॲप

नाव ठरवताना ॲप उघडण्याआधी बाप्तिस्म्याचा दाखला काढून समोर ठेवावा. त्यावर स्वतःचं नाव, आईवडील, गॉडफादर-गॉडमदर, चर्च आणि तारीख असते. एवढ्या ऐवजातून चांगलं नाव जवळपास नेहमीच निघतं. चर्चच्या १९१७ च्या कायद्यातलं कलम ७६१ असं होतं की आईवडिलांनी संताचं नाव दिलं नाही तर फादरांनी आपणहून एका संताचं नाव जोडावं आणि दोन्ही नावं वहीत लिहावीत. १९८३ च्या कायद्यातलं कलम ८५५ फक्त एवढंच सांगतं की ख्रिस्ती भावनेला परकं नाव देऊ नये. म्हणून जुन्या पिढीत घरी हाक मारायचं नाव एक आणि वहीतलं दुसरं अशी जोडी सापडते, तर नव्या पिढीत करुणा, आशिष, किरण अशी नावंच थेट बाप्तिस्म्याची असतात. दोन्ही प्रकार ऑनलाइन नावाला चालतात. जुन्या माणसांच्या वहीतलं दुसरं नाव तर फार कामाचं, कारण ते घराबाहेर कुणी फारसं वापरलेलं नसतं.

मुलींसाठी एक गोष्ट महत्त्वाची. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललं तरी बाप्तिस्म्याची नोंद तीच राहते. विवाहाची टीप त्याच नोंदीला जोडली जाते. आयुष्यभर एकच पत्ता चालवायचा असेल तर बाप्तिस्म्याचं नाव आणि मूळ गाव ही जोडी आडनावापेक्षा टिकाऊ ठरते. तीस वर्षांच्या बँक खात्यांना, विमा पॉलिसींना आणि मुलांच्या शाळांना जोडलेला ईमेल मध्येच बदलावा लागला की काय होतं, ते सांगायला नको.

इंदूरच्या मराठी कॅथलिक घरांची मुळं एकाच ठिकाणची नाहीत. कुणी वसईकडचे, कुणी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. दोघांना एकच सूत्र लावू नये.

वसईकडच्यांकडे आडनावातच वारसा असतो. पण डिसोजा, परेरा, लोपीस ही आडनावं गोवा-मंगळूरपासून जगभर पसरलेली आहेत. साधं पहिलं नाव आणि डिसोजा अशी जोडी बहुतेक ठिकाणी केव्हाच गेलेली असते. डाबरे, तुस्कानो यांची गर्दी कमी. आडनाव सर्रास असेल तर गाव घ्यावं: गास, गिरीज, निर्मळ, सांडोर, नंदाखाल, आगाशी, भुईगाव. दुसरा मार्ग पणजोबांच्या नावाचा. आंतोन, पेद्रू, जुजे, इनास, बस्त्याव ही पोर्तुगीज वळणाची नावं अँथनी, पीटर, जोसेफ, इग्नेशियस आणि सेबास्टियन यांचीच आहेत. लिहायला छोटी, उच्चाराला घरची आणि संताशी थेट जोडलेली. 'इनास' आणि गावाचं नाव अशी जोडी श्रद्धा आणि घराणं दोन्ही सांगते, आणि त्यासाठी क्रूसाचं चित्र किंवा 'कॅथलिक' हा शब्द लागत नाही. आमच्या मते वसईच्या घरांसाठी याहून चांगला मार्ग नाही.

नगरकडच्यांची आडनावं शिंदे, गायकवाड, साळवे, जाधव अशी असतात. तिथे श्रद्धेची खूण पहिल्या नावाने वाहावी लागते. योहान, मार्था, रूथ, स्तेफन, मत्तय ही नावं मराठी उच्चाराप्रमाणेच रोमनमध्ये लिहावीत. जॉन शिंदे हे नाव वाईट नाही, पण 'योहान शिंदे' अकरा अक्षरांत कॅथलिक आणि मराठी दोन्ही राहतं.

कोणत्या संताचं नाव

वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. त्यांचा सण ६ फेब्रुवारीला. मराठी मुलखातल्या कॅथलिकांना याहून जवळचा संत नाही, तरी त्यांचं नाव घेणारे कमीच दिसतात. अडचण स्पेलिंगची आहे. स्पॅनिश वळणाने 'झेड' आणि आपल्याकडे 'एस', म्हणून शोधणारा भलत्याच माणसाकडे पोहोचतो. 'एस'च ठेवावा आणि सगळीकडे तोच ठेवावा.

इंदूरशी सगळ्यात घट्ट बांधलेलं नाव सिस्टर राणी मारिया यांचं. केरळात जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टरची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्यवादित घोषित केलं गेलं. त्यांची समाधी उदयनगरला आहे. त्यांच्या स्मरणार्थ भक्तीचं पान काढायचं असेल तर 'राणीमारियाइंदोर' बरोबर १५ अक्षरांत बसतं. मात्र नावाआधी 'एस-टी' (सेंट, म्हणजे संत) लावू नये. त्या धन्यवादित आहेत, अजून संत घोषित झालेल्या नाहीत. स्वतःच्या वैयक्तिक खात्यालाही त्यांचं पूर्ण नाव घेऊ नये, कारण वाचणारा ते खातं त्यांच्या स्मारकाचं समजतो. 'मारिया' किंवा 'राणी' यांतला एक शब्द घेऊन पुढे आपलं आडनाव लावलं की हा घोळ टळतो.

फ्रान्सिस, पॉल आणि राफाएल या नावांची इंदुरात वेगळीच अडचण. लाल चर्च म्हणून ओळखलं जाणारं कॅथीड्रल असिसीच्या संत फ्रान्सिसचं, आणि सेंट पॉल व सेंट राफाएल या नावांच्या शाळा शहरभर माहीत. त्यामुळे 'राफाएलइंदोर' असं नाव माणसाचं वाटतच नाही, शाळेचं वाटतं. पालक प्रवेशाची चौकशी करायला त्याच खात्यावर येतात. नाव राफाएलच असेल तर शहराऐवजी आडनाव जोडावं.

शहराचं नाव घालायचंच असेल तर 'इंदूर' की 'इंदोर' हे आधी ठरवावं. मराठी उच्चाराप्रमाणे लिहिलं तर पाच अक्षरं, सरकारी स्पेलिंगने सहा. घरगुती किंवा वैयक्तिक नावाला मराठी रूप शोभतं आणि एक अक्षर वाचतं. गटाच्या किंवा चर्चच्या खात्याला मात्र सरकारी स्पेलिंगच ठेवावं, कारण शहरातला हिंदी बोलणारा माणूस तेच शोधतो.

सगळीकडे चालणारं माप

प्रत्येक सेवेचे नियम शेजारी ठेवले की एक अरुंद पट्टा उरतो. जीमेलला किमान ६ अक्षरं लागतात. एक्स १५ च्या पुढे जाऊ देत नाही. टिंब जीमेल, इन्स्टाग्राम आणि फेसबुकला चालतं, एक्स आणि टेलिग्रामला चालत नाही. अंडरस्कोर एक्स, टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामला चालतो, जीमेलला चालत नाही. टेलिग्रामला नावाची सुरुवात अक्षरानेच हवी. म्हणजे सगळीकडे एकच नाव हवं असेल तर ६ ते १५ रोमन अक्षरं-अंक, सुरुवात अक्षराने, मध्ये टिंब नाही, अंडरस्कोर नाही.

'झेवियरनंदाखाल' यात बरोबर बसतं: सहा आणि नऊ, पंधरा. 'गोन्सालोगोन्साल्विस' सोळा होतं आणि एका अक्षराने एक्सवर अडतं. 'फ्रान्सिसझेवियरडिसोजा' एकोणीस. अशा वेळी मधूनच अक्षरं गाळून नाव चिरडू नये. पहिल्या दोन नावांची आद्याक्षरं आणि पूर्ण आडनाव घ्यावं. आडनाव तुटलं की नातेवाइकांना ओळख पटत नाही, पहिलं नाव आखडलं तर पटते.

दोन शब्द जोडताना सांधा तपासावा. 'मारिया' संपतं त्याच अक्षराने 'अँथनी' सुरू होतं. रोमनमध्ये मध्ये दोन 'ए' येतात आणि टाइप करणारा एकच लिहितो. क्रम उलटा केला, 'अँथनीमारिया' केलं, की दोष जातो आणि अक्षरं तेवढीच, बारा.

अपॉस्ट्रॉफी या सातांपैकी एकाही सेवेच्या पत्त्यात चालत नाही. डिसोजा, डिसिल्वा, डिमेलो यांच्या 'डी'नंतरचं ते चिन्ह जाणारच. प्रश्न एवढाच की त्या जागी काही ठेवायचं का. काही ठेवू नये. 'डी' आणि पुढचं आडनाव सलग लिहावं. आधार, पॅन, पासपोर्ट यांवर तीन वेगवेगळी रूपं असतील तर बँकेशी जोडलेलं रूप ऑनलाइन घ्यावं. इन्स्टाग्राम-फेसबुकची पैसे भरून मिळणारी निळी खूण घ्यायची असेल तर खात्यावर दिसणारं नाव सरकारी ओळखपत्राशी जुळावं लागतं. तेव्हा हा फरक अडवतो.

जीमेल: ५ पैकी ४

पाया म्हणून पहिलं नाव इथेच घ्यावं. मर्यादा ६ ते ३० अक्षरांची, म्हणजे लांब नावांनाही पुरेशी. सगळ्यात मोठा गुण असा की टिंब मोजलंच जात नाही. 'डी.सोजा' आणि 'डीसोजा' एकाच पेटीत येतात. म्हणजे तुमच्या नावात टिंब घालून दुसरा कुणी जीमेल काढू शकत नाही. फार मिळतंजुळतं नाव असेल तरी गूगल नकार देतं. एकदा मिटवलेलं नाव दुसऱ्या कुणालाच मिळत नाही, आणि मूळ मालकालाही ते परत मिळेलच याची खात्री नसते. चर्चच्या खात्यासाठी हे लक्षात ठेवावं आणि रागाच्या भरात खातं मिटवू नये.

नावानंतर अधिकचं चिन्ह (+) आणि एखादा शब्द लावला तरी पत्र त्याच पेटीत येतं. नाव, अधिक, 'क्वायर' असा पत्ता गायनवृंदाला आणि नाव, अधिक, 'कॅटेकिझम' असा धर्मशिक्षणाच्या वर्गाला देता येतो. फिल्टर लावले की टपाल आपोआप वेगळं होतं. काही सरकारी आणि बँकांचे फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत, तिथे मूळ पत्ता द्यावा.

एक गुण कापला तो अंडरस्कोर आणि देवनागरी नसल्याबद्दल. 'लोपीस' हे आडनाव रोमनमध्ये पाचच अक्षरांचं असल्याने एकटं बसत नाही, एवढंही सांगून ठेवतो.

इन्स्टाग्राम: ५ पैकी ३

तरुण मंडळी इथेच आहेत, म्हणून जास्त खोलात जावं लागतं. मर्यादा ३० अक्षरांची. अक्षरं, अंक, टिंब, अंडरस्कोर चालतात. सलग दोन टिंबं किंवा शेवटी टिंब चालत नाही. नाव घेतलेलं असेल तर ॲप शेपटाला अंडरस्कोर किंवा आकडे लावून सुचवतं. ती सूचना स्वीकारू नये. कारण जीमेलमध्ये जे संरक्षण आहे ते इथे नाही. टिंब असलेलं, टिंब नसलेलं, शेवटी एक अंडरस्कोर, शेवटी दोन अंडरस्कोर ही इथे चार वेगळी नावं आहेत आणि चार वेगळ्या माणसांना मिळू शकतात. तुमचं नावच शेपटाच्या अंडरस्कोरवर टिकलेलं असेल तर नक्कल ओळखायला कुणाला जमणार?

हा धोका फादरांच्या नावाला सर्वांत जास्त. धर्मगुरू आणि बिशप यांच्या नावाने खोटी खाती उघडून भाविकांकडे पैसे किंवा गिफ्ट कार्ड मागण्याचे प्रकार अनेक देशांत झाले आहेत. पॅरिशने, म्हणजे स्थानिक चर्चने, आपल्या फादरांचं खरं खातं कोणतं ते मिस्सानंतरच्या सूचनांत आणि नोटीस बोर्डावर अक्षरशः स्पेलिंगसह जाहीर करावं. नक्कल दिसली तर इन्स्टाग्रामचा तोतयेगिरीचा फॉर्म ज्याची नक्कल झाली त्यानेच, किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने, ओळखपत्रासह भरावा लागतो. शंभर भाविकांनी वेगवेगळी तक्रार करण्यापेक्षा ही एक जास्त कामाची. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा.

वापरकर्ता-नाव रोमनमध्येच असलं तरी वर ठळक दिसणारं नाव देवनागरीत देता येतं, आणि शोधताना तेही चालतं. पत्ता रोमन आणि दर्शनी नाव मराठी ही जोडी ठेवावी. दर्शनी नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, म्हणून नाताळ, राख बुधवार, ईस्टर अशी दर सणाला बदलायची सवय लावू नये. सणाचा मजकूर १५० अक्षरांच्या परिचयात घालावा.

दर्शनी नावात क्रूसाचं चिन्ह घालायची पद्धत फार आहे. भावना समजते, पण नावाच्या आधी ते ठेवू नये. शोकपत्रिकेवर आणि थडग्यावर नावाच्या वर हीच खूण असते, आणि बऱ्याच देशांत नावाशेजारचा क्रूस म्हणजे ती व्यक्ती वारली असा अर्थ घेतला जातो. दृष्टिहीन माणसाचा फोनही प्रत्येक वेळी आधी त्या चिन्हाचं इंग्रजी नाव वाचतो आणि मग माणसाचं. ते परिचयाच्या ओळीत शोभतं.

१३ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्रामवर खातं काढता येत नाही. पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या मुलांसाठी नाव 'राखून ठेवायचं' असेल तर ते आईवडिलांच्या जीमेलपुरतं ठेवावं. मोठ्या मुलामुलींनीही पूर्ण नाव, पॅरिश आणि शहर ही तिन्ही एकाच पत्त्यात घालू नयेत. रविवारी सकाळी आपण कुठे असतो हे अनोळखी माणसाला त्यातून कळतं. तिघांपैकी दोनच घ्यावीत.

आकडे

नावाच्या शेवटी आकडा लागणारच असेल तर जन्मतारीख किंवा जन्मसाल नको. बँकेची माणसं म्हणून फोन करणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. त्याऐवजी आपल्या संताच्या सणाची तारीख, आधी दिवस मग महिना, चार अंकांत: झेवियरसाठी ०३१२, अँथनीसाठी १३०६, असिसीच्या फ्रान्सिससाठी ०४१०, लिझ्यूच्या तेरेजासाठी ०११०, थॉमससाठी ०३०७, लूर्द मातेसाठी ११०२, माळेच्या मातेसाठी ०७१०, वेलांकणीसाठी ०८०९. कार्लो अकुतिस ७ सप्टेंबर २०२५ ला संत घोषित झाले, संगणकात रमणाऱ्या मुलांचा हा लाडका संत. त्यांच्यासाठी १२१०. हे चार अंक एटीएमच्या पिनला मात्र कधीही वापरू नयेत, ते आता सगळ्यांना दिसतात.

बायबलचा संदर्भ घालायचा तर अध्याय आणि ओवी यांमधली दोन टिंबं कुठेच चालत नाहीत. ३:१६ चं ३१६ होतं. योहानाच्या नावापुढे ते ओळखू येतं, पण तेच सगळ्यांनी केलेलं आहे. स्तोत्रसंहितेचा नुसता क्रमांक जास्त मोकळा सापडेल.

फेसबुक, एक्स, टेलिग्राम

फेसबुकचं वेगळेपण नावाच्या धोरणात आहे. रोजच्या व्यवहारातलंच नाव चालतं. धार्मिक किंवा व्यावसायिक पदवी, चिन्हं, आकडे आणि दोन भाषांच्या लिप्यांची सरमिसळ वैयक्तिक नावात चालत नाही. म्हणून 'फादर' किंवा 'सिस्टर' घालून काढलेलं वैयक्तिक खातं कधीही तपासणीत अडकू शकतं. पदवी हवी असेल तर पेज काढावं. नाव एकदा बदललं की ६० दिवस परत बदलता येत नाही. पत्त्यात किमान ५ अक्षरं, आणि टिंब जीमेलसारखंच मोजलं जात नाही. हा नियम चांगला आहे. ५ पैकी ३.

एक्सच्या १५ अक्षरांत आपली दुपदरी नावं गुदमरतात. ५ पैकी २. टेलिग्राम ५ ते ३२ अक्षरं देतं आणि या नावावरून संपर्क झाला तर फोन नंबर दाखवावा लागत नाही. स्त्रियांनी चालवलेल्या प्रार्थनागटांना हे फार सोयीचं. ५ पैकी ४.

पदवीवरून आणखी एक. नावामागे 'एस-जे', 'एस-व्ही-डी', 'ओ-एफ-एम', 'एफ-सी-सी' ही अक्षरं त्या त्या धर्मसंघाच्या सदस्यांची आहेत. त्या संघाच्या शाळेत शिकलो म्हणून ती लावू नयेत. इंदुरात हे नकळतही होतं. नाव एस., वडील व्ही., आडनाव डिसोजा, आणि आद्याक्षरांचं 'एसव्हीडी' नावाच्या शेवटी लावलं तर डिव्हाइन वर्ड संघाचे फादर वाटतात. त्या संघाचं या भागातलं काम इतकं जुनं आहे की इथला कॅथलिक माणूस दुसरं काही वाचणारच नाही. आद्याक्षरं पुढे घ्यावीत आणि आडनाव पूर्ण लिहावं.

यूट्यूब: ५ पैकी ४

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या यूट्यूबच्या हँडलमध्ये, म्हणजे चॅनेलच्या @ पुढच्या नावात, देवनागरी चालते, आणि मराठी भक्तिगीतांच्या किंवा प्रवचनांच्या चॅनेलला ही खरी देणगी आहे. ३ ते ३० अक्षरं, मध्ये टिंब, अंडरस्कोर, आडवी रेघ चालते. १४ दिवसांत दोनदा बदलता येतं आणि तेवढे दिवस जुनं हँडलही तुमच्याकडेच राहतं.

देवनागरीत दोन गोष्टी नडतात. पहिली मोजणी. 'गोन्सालो गार्सिया' वाचताना सहा अक्षरं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरमोजणीत, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळे धरले जातात. जोडून लिहिलं तरी १६ होतात. मर्यादा वाटते त्याआधी संपू शकते. दुसरी गोष्ट 'अँथनी', 'अ‍ॅग्नेस', 'अ‍ॅन' या नावांची. तो पहिला स्वर तीन तऱ्हांनी उमटतो: 'ॲ' हे एकच अक्षर, 'अ'वर चंद्र दिलेलं, आणि 'अ'वर चंद्रबिंदू दिलेलं. डोळ्याला जवळपास सारखं, संगणकाला तिन्ही वेगळी. एका फोनच्या कीबोर्डवरून काढलेलं हँडल दुसऱ्या फोनवरून टाइप केलं की सापडत नाही. म्हणून या स्वराची नावं रोमनमध्येच घ्यावीत. 'मारिया', 'योहान', 'गोन्सालो', 'तेरेजा' यांना हा त्रास नाही. देवनागरी हँडलचा दुवा चिकटवला की तो टक्क्याच्या चिन्हांचा लांबलचक पट्टा होतो. छापील पत्रिकेवर दुव्याऐवजी क्यूआर कोड द्यावा.

चर्चच्या आणि गटाच्या नावासाठी

वैयक्तिक नावात श्रद्धा दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. गटाचं तसं नाही. चर्चच्या कायद्याची कलमं २१६ आणि ३०० सांगतात की कोणत्याही उपक्रमाने किंवा संघटनेने सक्षम धर्माधिकाऱ्याच्या संमतीशिवाय 'कॅथलिक' हे नाव घेऊ नये. म्हणून 'इंदोरकॅथलिक' अशा शब्दांनी सुरू होणारं पान पाच मित्रांनी मिळून काढण्याआधी फादरांशी बोलावं आणि त्यांच्यामार्फत बिशप हाऊसला विचारावं. संमती नसेल तर मंडळाचं स्वतःचं नाव घ्यावं.

नाव माणसावर ठेवावं की पदावर, याचा धडा व्हॅटिकनच्या खात्यांतून मिळतो. ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, डिसेंबर २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात सुरू झालेलं पॉन्टिफेक्स हे खातं फ्रान्सिस आणि आता लिओ चौदावे यांच्याकडे सहज आलं, कारण ते नाव पदाचं आहे. इन्स्टाग्रामवरचं २०१६ चं फ्रान्सिस्कस हे खातं मात्र एका पोपचं होतं. २०२५ मध्ये ते स्मृतिसंग्रह म्हणून ठेवावं लागलं आणि नवं खातं पॉन्टिफेक्स नावाने काढलं गेलं. पॅरिशचे फादर काही वर्षांनी बदलतातच. खात्यात चर्चचं नाव असावं, फादरांचं नसावं. युवा मंडळाच्या नावात वर्ष घालू नये.

असं खातं कुणाच्या वैयक्तिक नंबरवर काढू नये. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, सिम बदललं, की खातं गेलं. आधी चर्चच्या नावाचं जीमेल काढावं, त्यावर पॅरिश ऑफिसचा नंबर द्यावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी. गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ अंकी आणि एकदाच चालणारा. ते छापून ऑफिसच्या कपाटात ठेवावेत. मग त्या जीमेलवरून बाकी सगळी खाती. फक्त नाताळापुरतं वापरायचं खातंही अधूनमधून उघडावं, कारण दोन वर्षं वापर नसलेली खाती गूगल मिटवू शकतं.

.भारत: ५ पैकी ३

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत मिळणारं हे डोमेन निक्सी या संस्थेच्या मान्यताप्राप्त नोंदणीदारांकडून घेता येतं. चर्चचं पूर्ण मराठी नाव, अपॉस्ट्रॉफीच्या भानगडीशिवाय, पत्त्यात येतं. व्हॅटिकनने .कॅथलिक हे डोमेनही मिळवलेलं आहे, पण ते चर्चच्या मान्यताप्राप्त संस्थांसाठी आहे, घरगुती वापराला मिळत नाही.

.भारत घ्यायचं तर सोबत तेच नाव रोमन .इन मध्येही घ्यावं आणि एकाचं दुसऱ्याकडे वळण लावावं. काही ॲप देवनागरी पत्त्याचा दुवा ओळखत नाहीत, काही तो 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात दाखवतात. भाविकांना ते फसवणुकीचं वाटतं. ईमेल मात्र .इन वरच चालवावा, कारण समोरच्याची सेवा देवनागरी पत्ता घेईलच असं नाही. नोंदणी चर्चच्या संस्थेच्या नावाने आणि ऑफिसच्या ईमेलवर करावी, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नको. पहिल्या वर्षाचा दर बहुधा सवलतीचा असतो. पैसे भरण्याआधी नूतनीकरणाचा दर विचारून लेखी घ्यावा.